ठिपक्याखालची चरबी

मित्रांनो, मी चरबी आहे. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढे मध्येच थांबावं लागणार नाही. मला त्याची सवय आहे. पंचेचाळीस वर्षं झाली, मी शिंदखेड्याच्या भिकुबाईच्या अंगात राहते. मी तिच्या सगळ्या अंगात थोडी थोडी आहे, पण आज बोलणार आहे ती बेंबीच्या डाव्या बाजूची मी. तिथे कातडीवर ज्वारीच्या दाण्याएवढा एक हिरवा ठिपका गोंदलेला आहे. त्या ठिपक्याखाली माझं घर आहे. त्या ठिपक्यापायी सहा वर्षं माझा आणि भिकुबाईचा जो छळ झाला, तो मला सांगायचा आहे. दोष कुणाचा, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. म्हणून जास्तच चिडचिड होते.

भिकुबाई जन्मली तेव्हा मी पातळ साईसारखी होते. ती वाढली तशी मी वाढले. माझं काम लोकांना माहीत नाही. लोकांना वाटतं, चरबी म्हणजे आळशी माणसाच्या अंगावर बसलेली आळशी वस्तू. तसं नसतं. माणूस जेवला की रक्तात साखर येते. पोटात मागच्या बाजूला स्वादुपिंड नावाचा एक लहानसा अवयव असतो. तो इन्सुलिन नावाचा रस सोडतो. तो रस माझ्या दाराशी आला की मी दार उघडते, साखर आत घेते आणि तिची चरबी करून सांभाळून ठेवते. उपास आला, ताप आला, की त्यातून थोडं थोडं परत देते. घरात एखादी बाई जशी मूठभर धान्य रोज बाजूला टाकते तसं. बहात्तरच्या दुष्काळात भिकुबाई खडी फोडायला जायची आणि तिच्या अंगावर सहा महिन्यांचं पोर होतं. पोटात दुष्काळी कामावर वाटलेली कोरडी सुकडी जायची. तरी पोराला दूध पुरलं. ते कुठून आलं? माझ्यातून आलं. लोक म्हणाले, देवाची कृपा. त्या वेळी मला राग येत नव्हता.

भिकुबाईचा नवरा शालिग्राम हा जिनिंगमध्ये फिटर होता. गावात त्याला मिस्त्री म्हणत. कापसाच्या हंगामात यंत्र बंद पडलं की मालक दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. त्याची कामाची एक पद्धत होती. लोखंडाला भोक पाडायचं तर आधी मोजायचं, मग पंच मारून खूण करायची, मग त्या खुणेवर ड्रिल लावायचं. खूण केल्याशिवाय ड्रिल लावणारा माणूस त्याला माणूसच वाटत नसे. हाताखालच्या लोकांना तो हेच सांगायचा, आणि जेवताना भिकुबाईलाही सांगायचा. तिनं हे इतक्या वेळा ऐकलं होतं, की ती भाकरी थापता थापता त्याचं पुढचं वाक्य आधीच म्हणायची. तोही हसायचा. घर चांगलं होतं.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात भिकुबाईचं स्वादुपिंड थकलं. इन्सुलिन येईनासं झालं. साखर रक्तात फिरत राहिली, माझ्या दारापर्यंत आली, पण दार उघडणारं कुणी नव्हतं. शरीर उपाशी राहिलं. मग मलाच मोडून खायला लागलं. चार महिन्यांत मी निम्मी झाले. भिकुबाईची चोळी दोनदा आत घ्यावी लागली. ती दिवसातून तीन घागरी पाणी पिते की काय, असं वाटायचं. आणि शेजारच्या बाया काय म्हणाल्या? म्हणाल्या, कशी बारीक झालीस, छान दिसतेस, काय करतेस ते आम्हालाही सांग. मित्रांनो, एक बाई आतून विरघळत होती आणि तिची तारीफ चालली होती.

शेवटी ती चूल पेटवता पेटवता आडवी झाली. तिच्या श्वासाला नासक्या फळासारखा वास येत होता. मी घाईघाईनं मोडले गेले की रक्तात आंबट विष तयार होतं, त्याचा तो वास. शालिग्रामनं तिला धुळ्याला नेलं. तिथे ती वाचली. डॉक्टर म्हणाले, आता रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागेल, जन्मभर. आणि ते इंजेक्शन शिरेत नाही, मांसात नाही, कातडीखालच्या चरबीत द्यायचं.

मी ऐकत होते. तुम्हाला काय सांगू, मला केवढं बरं वाटलं. इतकी वर्षं जिला शिव्या दिल्या, तिच्यातूनच औषध जाणार होतं. मी ते हळूहळू झिरपू देणार, दिवसभर पुरवून रक्तात सोडणार. शिरेत दिलं तर ते थोड्या वेळात संपून जातं. माझ्यात दिलं तर दिवसभर टिकतं. मला वाटलं, आता तरी मला कुणी विचारील.

कुणी विचारलं नाही. पुढचं ऐका.

इंजेक्शन कसं द्यायचं, हे शिकवायचं काम गावातल्या एका दवाखान्याच्या कंपाउंडरवर आलं. त्याचं नाव छगन. माणूस वाईट नव्हता, पण तापाची साथ होती आणि बाकांवर माणसं बसली होती. छगननं भिकुबाईच्या बेंबीच्या डावीकडे चार बोटं मोजली, जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाचा काडीनं एक गोल काढला, कातडी चिमटीत धरली आणि सुई टोचून दाखवली. म्हणाला, "हे असं. इथे." एवढंच. उद्या दुसरीकडे, परवा तिसरीकडे, जागा बदलत राहायची, हे त्याला ठाऊक होतं की नाही, मला सांगता येणार नाही. तो ते बोलला नाही, एवढं खरं. आणि समोर उभा होता तो शालिग्राम. ज्याला खूण मिळाली की बाकी काही ऐकू येत नाही असा माणूस.

चार दिवसांत अंघोळीनं तो गोल फिका झाला. शालिग्राम घाबरला. ओली केली की जांभळी उमटते ती पेन्सिल त्यानं जिनिंगमधून आणली आणि गोल पुन्हा काढला. तोही पुसला. मग भिकुबाईलाच सुचलं. बाजाराच्या दिवशी गोंदणारी बाई यायची. भिकुबाईनं तिला घरी बोलावली, दार लावून घेतलं आणि बेंबीच्या डावीकडे चार बोटांवर एक ठिपका गोंदवून घेतला. गोंदणारीण हसली. म्हणाली, हातावर गोंदतात, कपाळावर गोंदतात, हे कुठलं नवीन? भिकुबाई म्हणाली, "मनी दवाईनी जागा शे." आमच्या अहिराणीत म्हणजे, माझ्या औषधाची जागा आहे. संध्याकाळी शालिग्राम घरी आला तेव्हा तिनं त्याला दाखवलं. त्यानं बेंबीपासून चार बोटं ठेवून अंतर मोजलं. त्याच्या आयुष्यात कुणी त्याचं काम इतकं समजून घेतलं नव्हतं. म्हणाला, आता चूक व्हायची नाही.

मी आतून ओरडले. पण चरबीचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

खरं सांगायचं तर पहिलं वर्ष बरं गेलं. शालिग्राम पहाटे उठायचा. काचेची सिरिंज आणि सुई पातेल्यात उकळायचा. सुई बोथट झाली की बारीक दगडावर धार लावायचा. औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बाजूला ठेवलेली असायची. वीस युनिट भरायचे, काचेतला बुडबुडा काढायचा आणि बरोबर त्या ठिपक्यावर टोचायचं. हात थरथरायचा नाही. मग काचेच्या नळीत तो निळं औषध घ्यायचा, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचा आणि स्टोव्हवर तापवायचा. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, विटेसारखं लाल होत गेलं तर साखर वाढलेली. पहिलं वर्षभर नळी बहुतेक निळी राहिली. डॉक्टरांनी मिस्त्रीची पाठ थोपटली. भिकुबाई भरली, गालांवर तजेला आला. मीही परत आले.

वर्षानंतर तिला त्या जागी दुखेनासं झालं. घरी बाया बघायला यायच्या. ती लुगड्याची कड जराशी खाली करायची, शालिग्राम सुई टोचायचा आणि ती तेवढ्यात त्यांना चहाचं विचारायची. बाया थक्क व्हायच्या. छगन तर नव्या रोग्यांना सांगायचा, की मिस्त्रीकडे जाऊन बघा, हात कसा असावा. सगळे खूष. मी सोडून.

आता मी तुम्हाला सांगते, दुखत का नव्हतं. इन्सुलिन मला वाढवतं, हे मी सांगितलंच. रोज एकाच जागी ते पडलं की ती जागाच नुसती वाढत सुटते. आधी मी लिंबाएवढी झाले. मग पेरूएवढी. माझ्यात रोजच्या टोचण्यानं आत चट्टे पडले, मी रबरासारखी कडक झाले. दुखणं सांगणाऱ्या बारीक नसा विरळ झाल्या, आणि रक्ताच्या नळ्याही विरळ झाल्या. मग औषध आत पडलं तरी ते नेणारं कोण? ते तसंच पडून राहायचं. एखाद्या दिवशी निम्मं जायचं, एखाद्या दिवशी काहीच नाही. आणि एखाद्या दुपारी दोन दिवसांचं साठलेलं अचानक सुटायचं. मला ते आवरता यायचं नाही. मी काही मुद्दाम करत नव्हते.

नळी लाल होऊ लागली. डॉक्टरांनी नळीचे रंग लिहिलेला कागद बघितला आणि वीसचे तीस केले. तिसाचे चव्वेचाळीस केले. सहा वर्षांत तीन डॉक्टर झाले. तिघांनी डोळे बघितले, जीभ बघितली, कागद बघितला. तिघांनी विचारलं, इंजेक्शन रोज घेता का? भिकुबाई म्हणाली, एक दिवस चुकत नाही. ते खरंच होतं. कुठे घेता, असं एकानंही विचारलं नाही. तिनं आपणहून पोट दाखवायचा प्रश्नच नव्हता. परक्या पुरुषापुढे ती डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, तिथे लुगड्याची कड कशी खाली करणार? घरी बायांपुढे तिला काही वाटत नसे, पण बाया बघायच्या त्या सुईकडे. हात कुणी लावला नाही. फुगवटा लुगड्याच्या घोळात झाकलेला असायचा. शालिग्रामला दिसत होता, पण त्याला वाटायचं, सुईसाठी चांगली जागा तयार झाली. भिकुबाईलाही तसंच वाटायचं.

मग डॉक्टर म्हणाले, बाई गोड खात असणार.

हा आरोप मला अजून सहन होत नाही. सत्याऐंशीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरात पुरणपोळी झाली, आंब्याचा रस झाला. भिकुबाईनं सगळ्यांना वाढलं आणि स्वतः अर्धी भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली. दुसऱ्या दिवशी नळी विटेसारखी लाल. शालिग्रामनं तिच्याकडे रोखून बघितलं. आठ दिवसांनी दुपारी माझ्यातलं साठलेलं औषध एकदम सुटलं. भिकुबाईला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. अशा वेळी शरीर साखरेसाठी आक्रोश करतं. तिनं गुळाच्या ढेपीतून खडा फोडला आणि घाईनं तोंडात कोंबला. पाच मिनिटांत तिला बरं वाटलं. नेमका तेव्हाच शालिग्राम दारात आला. त्यानं बायकोच्या हनुवटीवरचा गूळ बघितला.

त्यानं ती ढेप उचलली, पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि पेटीला कुलूप लावलं. किल्ली करदोट्याला बांधली.

भिकुबाई चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. वीस वर्षांच्या संसारात तिनं त्याच्या घरातलं काही चोरून खाल्लं नव्हतं. पाचव्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "तुम्ही मनावर कुलूप लायं." म्हणजे, माझ्यावरच कुलूप लावलंत. मी आत होते. मला सगळं माहीत होतं. दोन बोटं जाडीच्या कातडी-चरबीच्या पलीकडे एक माणूस सुई घेऊन बसला होता, जो बायकोवर जीव टाकत होता आणि तिला रोज उपाशी मारत होता. मी त्याला काय सांगणार? मी फक्त फुगू शकत होते. मी फुगले.

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर भिकुबाईच्या उजव्या पायाच्या करंगळीला चप्पल लागली. साखर वाढलेली असली की पायाची संवेदना जाते, तिला कळलंच नाही. जखम चिघळली. करंगळी काळी पडली आणि काळेपणा पावलावर चढू लागला. शालिग्रामनं तिला पुन्हा धुळ्याला नेलं. तिथले सर्जन स्पष्ट बोलणारे होते. म्हणाले, साखर उतरली तर करंगळीवर भागेल. नाही उतरली तर गुरुवारी गुडघ्याखाली पाय कापावा लागेल. त्या दिवशी सोमवार होता.

सोमवारी, मंगळवारी दवाखान्यातच इंजेक्शन दिलं. वाढत वाढत आता चौसष्ट युनिट झाले होते. नर्स सुई घेऊन आली की शालिग्राम पुढे होऊन ठिपका दाखवायचा. तिला पंचवीस खाटा बघायच्या होत्या. रोग्याचे लोक जागा दाखवतात, तिनं तिथे टोचलं. म्हणजे एवढ्या मोठ्या दवाखान्यात, एवढ्या शिकलेल्या माणसांत, माझ्यावर पुन्हा तेच. साखर उतरली नाही. मंगळवारी संध्याकाळी शालिग्रामनं भिकुबाईचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि बसून राहिला. ती म्हणाली, लोक काय लंगड्या बाईच्या हातचं खात नाहीत का?

बुधवारी सकाळी मंजुळाबाई आली. ही वॉर्डातली आया. हात राकट, तोंड त्याहून राकट. ऑपरेशनच्या आधी रोग्याला पुसून घ्यायचं तिचं काम. तिनं पडदा लावला, शालिग्रामला बाहेर काढलं आणि ओलं फडकं फिरवू लागली. फडकं माझ्यावर आलं आणि थांबलं. तिनं फडकं बाजूला ठेवून नुसता हात ठेवला.

"काय वं बाई, पोटले आंबा बांधेल शे का?"

भिकुबाई म्हणाली, "ती मनी सुईनी जागा शे."

"जागा शे का बोरिंग शे?" असं म्हणून मंजुळाबाईनं पडद्याबाहेर तोंड काढलं आणि सिस्टरला हाक मारली. मित्रांनो, सहा वर्षांनी मला पहिल्यांदा कुणीतरी सुईशिवाय हात लावला होता. तो हात फडकं मारणाऱ्या बाईचा होता. हे लिहून ठेवा.

सिस्टर वयानं मोठ्या होत्या. त्यांनी मला चारी बाजूंनी दाबून बघितलं, मग शालिग्रामला आत बोलावलं आणि विचारलं, रोज इथेच देता का? तो अभिमानानं म्हणाला, सहा वर्षं, एक दाणाभरसुद्धा इकडचं तिकडे झालेलं नाही. मग त्यांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. मी सहा वर्षं जे ओरडत होते, तेच सगळं. शालिग्राम ऐकून घेत होता, पण त्याला पटत नव्हतं. म्हणाला, सिस्टरबाई, जागा बदलत राहिलं तर काम नीट कसं होईल? सिस्टर म्हणाल्या, "मिस्त्री, हे लोखंड नाही. हे वाढतं."

त्याचा चेहरा असा झाला, की मला त्याचा सहा वर्षांचा राग होता तो जरासा बाजूला ठेवावा लागला.

सिस्टरनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी मला दाबून बघितलं आणि चौसष्टचे एकदम अठ्ठावीस केले. शालिग्राम घाबरून म्हणाला, उद्या पाय कापायचा आहे आणि तुम्ही औषध कमी करता? डॉक्टर म्हणाले, चांगल्या जागी चौसष्ट दिले तर ती संध्याकाळ बघणार नाही. त्या सकाळची सुई अजून द्यायची होती. ती मांडीवर दिली. भिकुबाई दचकली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच वर्षांत तिला पहिल्यांदा सुई दुखली होती. मांडीतली मी जागी होते, ताजी होते. मी ते औषध घेतलं आणि सोडलं, जसं सोडायला हवं तसं.

अकराच्या सुमाराला भिकुबाई उठून बसली. कपाळावर घाम होता. तिनं खाटेच्या कडेला बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शालिग्राम, माले भूक लागनी. भाकर लई ये."

मित्रांनो, भिकुबाईनं लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. कागदावर लिहायचं असलं तरी ती शेजारणीकडून सांगवायची. आणि 'घेऊन ये' असं अरे-तुरे? शालिग्राम जागचा हलला नाही. आजूबाजूच्या खाटांवरच्या बाया हसू लागल्या. एक म्हणाली, पाय जाणार म्हणून भीड गेली. भिकुबाई पुन्हा म्हणाली, "काय देखस? ऊठ ना, शालिग्राम." आणखी हसू झालं.

सिस्टर हसल्या नाहीत. त्या धावत आल्या, पेल्यात चार चमचे साखर ढवळली आणि भिकुबाईच्या तोंडाला लावली. शालिग्रामनं त्यांचा हात धरला. म्हणाला, साखर? तिला? सिस्टर म्हणाल्या, सोडा हात, तिची साखर उतरली आहे, फार उतरली आहे, माणूस असं बडबडतं तेव्हा. मग त्याला हळूहळू काहीतरी समजू लागलं. त्यानं विचारलं, गूळ खाल्ला होता तोही असाच? सिस्टरना गुळाचं काही माहीत नव्हतं. पण भिकुबाई तोपर्यंत शुद्धीवर आली होती. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. शालिग्रामनं करदोट्याची किल्ली सोडली आणि तिच्या हातात ठेवली. तिनं ती ठेवून घेतली, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

समोरच्या पुरुषांच्या वॉर्डातून जीवराम नावाचे एक गृहस्थ दाराशी येऊन उभे होते. पिंपळनेरचे. भावाच्या सोबतीला आले होते. ते सगळं ऐकत होते. गडबड शमल्यावर ते आत आले आणि त्यांनी सिस्टरना विचारलं, अशी गाठ झाली तर सुई लागू पडत नाही का? सिस्टर म्हणाल्या, नाही पडत. त्यांनी विचारलं, गाठ व्हायला किती दिवस लागतात? सिस्टर म्हणाल्या, वर्ष, दोन वर्षं. मग ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मनी बाई म्हने, आठे दुखत नई, आठेच द्या." इथे दुखत नाही, इथेच द्या, असं म्हणणारी त्यांची बायको आषाढात गेली होती. सिस्टरनी त्यांना बसायला स्टूल दिलं. ते बसले नाहीत.

त्या माणसाला मी काय सांगणार होते? त्याच्याही घरात माझ्यासारखीच एक चरबी होती. तीही ओरडली असेल.

डॉक्टरांनी औषध आणखी उतरवलं. गुरुवारी सकाळी सर्जन आले, त्यांनी साखरेचा कागद बघितला आणि ऑपरेशन पुढे ढकललं. शनिवारी करंगळी काढली. पाऊल राहिलं, पाय राहिला. महिन्याभरात जखमेत लाल मांस भरून आलं. भिकुबाई घरी परतली ती आपल्या पायांनी चालत. रिक्षातून उतरताना तिनं शालिग्रामचा हात धरला नाही. राग अजून होता. तो संक्रांतीपर्यंत टिकला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण माणसं ती माणसं.

दवाखान्यातून निघताना सिस्टरनी सांगितलं होतं, की मांड्या, दंड, पोटाची उजवी बाजू, सगळीकडे फिरवत राहा, रोज बोटभर पुढे सरका, आणि ठिपक्याला हात लावू नका. शालिग्राम तसं करू लागला. पण नव्या जागी दुखतं. जिवंत जागा आहे, दुखणारच. थंडीच्या सकाळी भिकुबाई सुईला कंटाळते. मग ती म्हणते, आजच्या दिवस तिथे द्या. तीन वर्षं झाली, दर महिन्या-दोन महिन्यांनी हे होतंच. मी आता बरीच मऊ झाले आहे, पेरूची पुन्हा लिंबाएवढी झाले आहे. आणि ही बाई, जिचा पाय जाता जाता राहिला, ती पुन्हा माझ्याकडे बोट करते. मला वाटतं, आता हिला काय म्हणावं?

गेल्या पौषात तर ती रडलीच. म्हणाली, तुमचा हात पूर्वीसारखा राहिला नाही, तुम्ही मुद्दाम दुखवता. शालिग्राम सुई हातात धरून बसला होता. वर्षानुवर्षं न दुखवता ज्यानं तिला मरणाच्या दारात नेलं, तो माणूस. त्याला ते न दुखणारं टोचणं किती हवंसं वाटत असेल, हे मला माहीत आहे. त्यानं तिचा दंड चिमटीत धरला आणि टोचलं. ती कळवळली, त्याला रागानं दोन शब्द बोलली. त्यानं ऐकून घेतले, सुई पुसली आणि पातेल्यात टाकली. त्या दिवशी मी त्याला माफ केलं.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारात, मामाच्या गावी कुणीतरी आजी, काका, मावशी असतील, जे रोज इन्सुलिनची सुई घेतात. त्यांना विचारा, कुठे घेता? ते म्हणतील, रोजच्या जागी घेतो, तिथे अजिबात दुखत नाही. हे वाक्य ऐकलंत की खेळ सोडून द्या. त्या जागेवर हात ठेवा. किळस करू नका, ती मीच आहे. मऊ लागली तर ठीक. रबरासारखी लागली, फुगलेली लागली, तर मोठ्या माणसांना सांगा, डॉक्टरांना दाखवा म्हणा, आणि आपल्या मनानं काही बदलू नका म्हणा. ते तुमच्यावर हसतील. म्हणतील, एवढ्या वर्षांचा हात आहे, तुला काय कळतं? दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा. तेव्हा रागावतील. तिसऱ्या दिवशी त्यांचा हात धरा, त्या जागेवर ठेवा, आणि ते दाबून बघेपर्यंत सोडू नका.